'लाइन गेली' म्हणजे नेमकं काय गेलं?

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडचे. भाची पुण्याच्या होस्टेलात "लाइन गेली" म्हणाली, तर मैत्रिणीनं विचारलं, कोणती, रेल्वेची? विजेला लाइन म्हणणं चूक आहे का?

उत्तर : चूक कायची भाऊ! वीज हा शब्द आपण आभाळातल्या विजेसाठी राखून ठेवला : "इज पडली." खांबावरची तार ती लाइन, तिच्यातून येते तीही लाइन, अन् पावसात तिच्यापायी खांबावर चढतो तो लाइनमन. रात्री ओलिताला जाणारा माणूस "थ्री फेजची लाइन आली" एवढंच म्हणतो अन् बॅटरी घेऊन निघतो.

या शब्दाचं मूळ मला घराच्या भिंतीत सापडलं. मागच्या उन्हाळ्यात कूड काढून विटांची भिंत घातली. गवंडी दोन टोकांना खिळे ठोकून दोरी ताणायचा, तिला म्हणायचा 'लाइनदोरी'. विटेचा कोपरा लागून दोरी थरथरली की तो करणीच्या मुठीनं वीट केसभर मागं सारायचा. आता गंमत बघा, त्या शब्दात दोरी दोनदा आहे. लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवस, अन् लिनिया म्हणजे जवसाच्या धाग्याची दोरी. इंग्रजी लाइन तिथूनच आली, लिनन कापडही तिथलंच. जवसाचं शास्त्रीय नाव आजही लिनम युसिटॅटिसिमम. ज्याची चटणी आपण भाकरीवर घेतो, तेच हे जवस! फक्त आपलं तेलाचं, बुटकं अन् फांद्यांचं. धाग्याचं जवस उंच, सरळसोट.

ताणलेल्या दोरीवरून सरळ रेघ, रेघेवरून रांग, रूळ, धंदा ("पोरगं कोणत्या लाइनीले टाकलं?"). तुमच्या दारव्ह्यावरून जाणारी शकुंतला रेल्वे बंद पडली, तरी 'लाइनीपलीकडचं वावर' आहेच ना? नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधली लाइन छावणीतली. शिपायांच्या ओळीनं बांधलेल्या वस्तीला इंग्रज लाइन्स म्हणत, म्हणून मुलकी साहेबांची वस्ती सिव्हिल लाइन्स. बंगले एकमेकांपासून कोसभर, ओळ कुठंच नाही, ते सोडा. डेडलाइन मात्र खरोखर जिवावरची : अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ साली, अँडरसनव्हिलच्या तुरुंगात कुंपणाच्या आत एक हद्द आखली होती, ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. पीकविम्याच्या शेवटच्या तारखेला सेतू केंद्रावर सर्व्हर बसला की हा अर्थ जरा जास्तच पटतो.

'लाइन मारणे' यावर बोलत नाही, घरातली पोरं वाचतात.

अन् एवढं करूनही हा शब्द वावरात शिरला नाही. तिथं पेरणीच्या ओळीला अजून तासच. "सहा तासं सोयाबीन, दोन तासं तूर." पेरताना कोणी लाइन म्हटलं तर बाया हसतात.

प्रश्नकर्ता : धन्यवाद दादा. भाचीनं मैत्रिणीला हेही सांगितलं. ती म्हणे, दोन तासांत तूर येते?