जुन्या लाकडी शिडाच्या नौकेचा आराखडा कोणता असावा?

प्रश्न : स्वीडनमधील गोथेनबर्गजवळ आवारात ठेवलेली एक जुनी लाकडी नौका विकत घेण्याचा विचार आहे, परंतु तिची कागदपत्रे उपलब्ध नाहीत. लांबी साधारण साडेसात मीटर असून बाजूच्या फळ्या कौलांप्रमाणे एकमेकींवर चढवून तांब्याच्या रिव्हेटांनी जोडल्या आहेत आणि सुकाणू मागच्या तिरप्या, सपाट भागावर बाहेरून बसवले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ : वर्णनावरून ही नॉर्डिक फोकबोट, म्हणजे एकाच ठरावीक आराखड्यावरून बांधल्या जाणाऱ्या लहान शिडाच्या नौकांपैकी एक, वाटते. स्कँडिनेव्हियातील स्पर्धेत एकही आराखडा पूर्णपणे पसंत न पडल्याने निवडक आराखड्यांतील गुण एकत्र करण्यात आले, नौकारचनाकार टोर्ड सुंडेन यांनी अंतिम रेखाटन केले आणि १९४२ मध्ये पहिली नौका गोथेनबर्गलाच पाण्यात उतरली. लांबी ७.६४ मीटर आणि रुंदी २.२० मीटर भरते का, ते आधी मोजावे. जुन्या शिडावर 'एफ' हे अक्षर असल्यास ओळख जवळजवळ पक्की समजावी.

प्रतिसाद २ : केवळ फळ्यांच्या जोडणीवर विसंबू नये. इंग्लंडमध्ये फळ्या कडेला कड भिडवूनही अशा नौका बांधल्या गेल्या. १९६० च्या एकट्याने अटलांटिक ओलांडण्याच्या शर्यतीत दुसरी आलेली ब्रिटिश नौकानयनपटू हॅस्लर यांची 'जेस्टर' त्यांपैकीच होती. व्यवहारापूर्वी तळाचे बोल्ट मात्र अवश्य तपासावेत, कारण नौकेच्या निम्म्याहून अधिक वजन असलेली लोखंडी कील (तळाशी बसवलेला, नौकेला तोल देणारा जड भाग) त्यांच्याच आधारावर असते, आणि बोल्टांभोवतीचे लाकूड काळे पडून मऊ झाले असेल, तर तो खर्च किमतीत धरावाच लागेल.