विंडोज ११ शेजारी लिनक्स मिंट: पार्टिशन कसं करावं? सल्ला हवा

नवशिकी:
नमस्कार मंडळी. लॅपटॉपवर विंडोज ११ आहे, ५१२ जीबीची एसएसडी आणि ८ जीबी रॅम. दुकानाचे हिशेब टॅलीवर, म्हणून विंडोज ठेवावंच लागेल. पण डेटा सायन्सच्या कोर्सला लिनक्स रोज लागणार आहे. डी ड्राइव्ह जवळपास रिकामा आहे, तिथे टाकता येईल का? पेनड्राइव्ह न घेता थेट डिस्कवरच्या पार्टिशनवरून (डिस्कच्या वेगळ्या केलेल्या भागावरून) इन्स्टॉलर चालतो असंही वाचलं, ते खरं का? आणि लिनक्सच्या प्रकारांपैकी उबंटू घेऊ की मिंट?

कृष्णाकाठ:
येईल, पण डी जसाच्या तसा चालणार नाही. तो एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या फाइल-रचनेत आहे, लिनक्सला एक्स्ट४ ही रचना लागते. डीमधली जागा मोकळी करून द्यावी लागेल.

त्याआधी टॅलीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते बघा. नव्या लॅपटॉपवर ते बऱ्याचदा आपोआप चालू झालेलं असतं. असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यातून ४८ अंकी रिकव्हरी की काढून कागदावर उतरवून ठेवा आणि काम होईपर्यंत एन्क्रिप्शन बंद करा. बूटची (संगणक सुरू होण्याची) मांडणी बदलली की विंडोज ही की मागू शकतं. त्या वेळी ती हाताशी नसेल तर दुकानाचे सगळे हिशेब आत अडकतील. कळकळीने सांगतो, ही पायरी गाळू नका.

फास्ट स्टार्टअपही बंद करा. ते चालू असताना शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

आता विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून डी १०० जीबीने 'श्रिंक' (लहान) करा. मिंटला २० जीबी पुरतात, पण पायथॉनची पॅकेजं आणि डेटासेट भराभर जागा खातात. सुटलेली जागा फॉरमॅट न करता तशीच ठेवा. इन्स्टॉलरमध्ये 'समथिंग एल्स' (पार्टिशन स्वतः ठरवायचा पर्याय) घेऊन त्याच जागेत एक्स्ट४ करा, माउंट पॉइंट '/' (लिनक्सची मुख्य जागा) द्या. ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइली असलेलं) आहे तेच वापरा, त्यावर फॉरमॅटची खूण नको. 'इरेज डिस्क'ला हात लावू नका.

पहाटवारा:
कृष्णाकाठ यांच्याशी सहमत. पेनड्राइव्हबद्दल सांगते. ५-६ जीबीचं एफएटी३२ (आणखी एक फाइल-रचना) पार्टिशन करून त्यात आयएसओमधल्या, म्हणजे मिंटच्या डाउनलोड केलेल्या इन्स्टॉल-फाइलमधल्या, फाइली टाकल्या तर तिथून बूट करता येतं. पण काही लॅपटॉपांच्या बूट मेनूत ते पार्टिशन येतच नाही. शिवाय इन्स्टॉलर ज्या डिस्कवरून चालतो त्याच डिस्कच्या पार्टिशनमध्ये बदल करताना अडखळतो. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि रुफस या विंडोजवरच्या प्रोग्रॅमने त्यावर इन्स्टॉलर बनवा.

इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून वायफाय, आवाज, टचपॅड तपासा. एसएसडीच दिसली नाही तर बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी ही डिस्क हाताळायची सेटिंग चालू असणार. ते परस्पर बंद करू नका, विंडोज सुरू व्हायचं थांबेल. आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी सोय करायची, मग बायोसमधली सेटिंग बदलायची.

उबंटू की मिंट? विंडोजची सवय असेल तर मिंट. मिंट २२ उबंटू २४.०४ वरच उभं आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट मिळतील.

सह्यकडा:
लॅपटॉपात दुसऱ्या एसएसडीची जागा असेल तर लिनक्स तिच्यावरच टाका. हिशेबांची डिस्क वेगळी राहिलेली बरी.

नवशिकी:
दुसरा स्लॉट नाही, त्यामुळे डीमधूनच जागा काढेन. रिकव्हरी की आत्ताच वहीत उतरवली. मिंटमध्ये मराठी टायपिंग होतं ना?

पहाटवारा:
होतं. कीबोर्ड लेआउटमध्ये 'मराठी, कागप, फोनेटिक' जोडा. नंतर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) 'timedatectl set-local-rtc 1' ही कमांड चालवा, म्हणजे लिनक्सही स्थानिक वेळ ठेवेल.