आवाज ऐकायचा की वाजवलेलं?

चाटी गल्ली :
परवा इथंच 'कानसेन' यांनी टोन पोएट मालिकेतल्या (ब्लू नोट कंपनीच्या जुन्या रेकॉर्डी नव्यानं छापतात ती) एका जॅझ रेकॉर्डवर लिहिलं. दोनदा वाचलं, दोन्ही वेळा डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा. 'पार्श्वभूमी काजळासारखी काळी.' 'मंच भिंतीच्या पलीकडे सरकतो.' 'झांजेवर खडीसाखर फुटल्यागत तपशील.' सुईचं काट्रिज, केबल, प्रीअँप, रेकॉर्डचं १८० ग्रॅम वजन, सगळ्यांची नावगावं आहेत. सॅक्सोफोन कोण वाजवतंय ते मात्र शेवटून तिसऱ्या ओळीत. ड्रमरचं तर नावच नाही, तो बहुतेक केबलबरोबर फुकट आला असावा.

अहो, दुसऱ्या गाण्यात सॅक्सचा दुसरा फेरा सुरू होतो तेव्हा पियानोवाला हात उचलतो. काहीच वाजवत नाही. खाली नुसता बास आणि ड्रम. जॅझवाले त्याला स्ट्रोलिंग म्हणतात. तिथं सॅक्सवाला जो सुटतो! ते न वाजवणं हीच त्या रेकॉर्डमधली सगळ्यात मोठी गोष्ट, आणि तुमच्या लेखात तिचा पत्ता नाही. गवयाच्या मैफलीवर लिहिताना बैठकीवरच्या चादरीचं सूत किती काउंटचं होतं हे सांगतो का आपण? मी हे फोनवर, २०० रुपयांच्या इयरफोननं ऐकलंय.

कानसेन :
२०० रुपयांचं शेवटी सांगितलंत ते बरं केलंत, आधी सांगितलं असतं तर वाचलंच नसतं.

ते संगीत साठ वर्षांपूर्वीचं. त्याच्या थोरवीवर जगभर लिहून झालंय. नवीन आहे ते प्रेसिंग, म्हणजे छपाई. केविन ग्रे या मास्टरिंग इंजिनिअरनं मूळ टेपवरून खाच कापलेलं प्रेसिंग कसं उतरलंय, हे ४,५०० रुपये मोजणाऱ्याला कळायला नको? गेल्या दिवाळीत एक रेकॉर्ड मागवली (या मालिकेतली नव्हे), तिचं मधलं भोक केसभर सरकलेलं. सुईचा दांडा तबकडीच्या प्रत्येक फेऱ्याला डावी-उजवीकडे डुलत होता, दर १.८ सेकंदांनी एकदा. सॅक्समध्ये खपून जातं. पियानोचा लांब स्वर मात्र हुडहुडी भरल्यासारखा हलतो. दुकानदार म्हणाला, फोडलेला माल परत नाही. तेव्हा असला 'नुसता आवाजावरचा' एखादा लेख आधी वाचायला मिळाला असता तर माझे पैसे वाचले असते.

जुळे सोलापूर :
'मूळ टेप' वाचून हसू आलं. २०२२ विसरलात? मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या रेकॉर्डी. पूर्ण अॅनालॉग, म्हणजे टेपवरून थेट रेकॉर्डवर, म्हणून लोक डोक्यावर घेऊन नाचत होते. मग अॅरिझोनातल्या एका रेकॉर्डवाल्यानं व्हिडिओ टाकला आणि कळलं की २०११ पासून त्यातल्या कित्येकांत मधे डिजिटल पायरी होती. अकरा वर्षं एकाही सोनेरी कानाला पत्ता लागला नाही. उलट सगळ्यांना 'अॅनालॉगची ऊब' लागत होती.

कानसेन :
माझ्याकडे त्यातल्या सहा आहेत. हो, ऊब मलाही लागली होती. झालं समाधान? घ्या, पेढे वाटा नव्या पेठेत.

पेटीमास्तर :
भांडू नका. वेगाबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो. जॅझ ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिसची १९५९ ची 'काइंड ऑफ ब्लू' घ्या. टेपयंत्र मुद्रणाच्या वेळी जरा संथ फिरलं, मग ती टेप नेहमीच्या वेगानं वाजवून पहिली बाजू छापली गेली ती किंचित चढ्या सुरात. दुरुस्त झाली १९९० च्या दशकात. तीस वर्षं जग चढं ऐकत होतं आणि माना डोलवत होतं.

आमच्या घरचं सांगतो. मेहुण्यांनी अमेरिकेतून प्लेअर आणला. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला, लाल दिवा लागला, सगळे खूश. पण मोटर तिकडच्या ६० हर्ट्झची, आपली वीज ५० ची. मिनिटाला ३३⅓ च्या जागी पावणेअठ्ठावीस फेरे. मी पेटी काढून ताडून बघितलं, तर काळी एकचे बुवा खालच्या काळी पाचला गात होते! तीन स्वर खाली. मेहुणे दोन वर्षं सांगत होते, 'अमेरिकन मशीनचा आवाजच भारदस्त.'

चाटी गल्ली :
मास्तर, हे माझ्याच बाजूचं झालं.

कानसेन :
कसं काय? यंत्र चुकलं की संगीत चुकतं, हेच मी सांगतोय!

यंत्रमाग :
मला एकच विचारायचंय. कानसेन, तुम्ही लिहिलंय 'ऐकण्याआधी रेकॉर्ड स्वच्छ धुवून घेतली'. कुठल्या पाण्यानं ओ? आमच्याकडं नळाला पाणी नाही, आज पाचवा दिवस आहे.

जुळे सोलापूर :
बोअरच्या पाण्यानं धुतलं तर वाळल्यावर खाचेत क्षार बसतो. मग काजळासारख्या पार्श्वभूमीत चुरमुरे भाजल्याचा आवाज.

कानसेन :
इन्व्हर्टरला घालतो ते बॅटरी वॉटर वापरतो. एका रेकॉर्डला पाव लिटर पुरतं.

यंत्रमाग :
पाव लिटर. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, या माणसाचा पत्ता विचारा, बॅरल घेऊन जाऊ.

चाटी गल्ली :
उजनी धरण भरलं की पेपरात फोटो येतो, नळाला काही येत नाही. आमच्या गल्लीत रात्री अडीचला सुटतं. मी जॅझ ऐकायला लागलो तो या पाण्यामुळं. मोटर लावून जागं राहायचं, कानात काहीतरी हवं.

जुळे सोलापूर :
अडीचला तरी येतं. आमच्याकडं वेळच ठरलेली नाही. नवीन वस्ती म्हणून मिरवायचं नुसतं.

यंत्रमाग :
तू नको सांगू बे. तुझ्या दारात दर दोन दिवसांनी टँकर बघतोय मी.

जुळे सोलापूर :
टँकर फुकट येतो का बे? स्वच्छतेचा विषय निघालाच आहे तर माझीही चूक सांगून टाकतो. करोनात आजोबांची ७८ फेऱ्यांची नाट्यसंगीताची जुनी रेकॉर्ड सॅनिटायझरनं पुसली. आधी फडक्याला काळं लागलं, मी म्हटलं मळ निघतोय. मग हात चिकट झाला.

पेटीमास्तर :
लाखेची तबकडी अल्कोहोलनं पुसलीत? तो मळ नव्हता, ते गाणं होतं! लाख अल्कोहोलमध्ये विरघळते हे सुतारसुद्धा सांगेल, पॉलिश त्याचंच करतात. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात छापलेली असणार ती. आता पुन्हा कुठून आणणार? मी या विषयावर जास्त बोलत नाही, माझं बीपी वाढतं.

जुळे सोलापूर :
मास्तर, मला काय हौस होती? घरात प्रत्येक वस्तू पुसत होतो, भाजीसुद्धा.

यंत्रमाग :
मूळ मुद्द्यावर माझं मत कोणी विचारलं नाही तरी देतो. घरामागं बारा माग आहेत. दिवसभर खडखड. त्यातच स्पीकरवर जॅझ लावतो, ड्रमरची झांज मधूनच मागाच्या लयीत येते, मग सुटते, मग परत येते. आमचा जॉबर, माग दुरुस्त करणारा, तोसुद्धा थांबून ऐकतो. कानसेनांची ती काजळासारखी शांतता आमच्याकडं एकदाच असते, लाइट गेल्यावर. तेव्हा प्लेअर बंद.

कानसेन :
काल रात्री परत लावली. चाटी गल्ली म्हणतात ते खरं आहे, दुसऱ्या फेऱ्याला पियानो थांबतो. मी तेव्हा झांज मोजत बसलो होतो, माझं लक्ष नव्हतं. पण तुमच्या इयरफोनमधून एक गोष्ट सुटलीय. पियानोवाला हात उचलतो त्याच्या क्षणभर नंतर पेडलवरून पाय काढतो, तो लाकडाचा हलका 'टक' माझ्याकडं ऐकू येतो. आणि तो ऐकूनच बासवाला जोर लावतो, असं मला वाटतं. चार वेळा सुई मागं घेऊन ऐकलं.

चाटी गल्ली :
मग हेच लिहायचं होतं की ओ! केबलचं काय सांगत बसलात?

कानसेन :
केबल नसती तर टक ऐकू आला नसता.

चाटी गल्ली :
घातलंच परत.

यंत्रमाग :
पाणी आलं. नंतर बोलू.