मदत हवी आहे: माहेरच्या गावठी गुलाबाच्या काड्यांना मुळं फुटत नाहीयेत

नमस्कार मंडळी, मी जळगावची. यावलला माझ्या माहेरच्या वाड्यात आजीने लावलेला गावठी गुलाब आहे, गुलाबी, वासाचा, आणि वाडा आता पाडणार आहेत म्हणून त्याच्या काड्या घरी जगवायच्यात, तोच गुलाब हवाय, नर्सरीतला नकोय. मार्चमध्ये 10 काड्या आणल्या, पेन्सिलीएवढ्या जाड, खालचा काप डोळ्याच्या (काडीवर जिथून कोंब फुटतो त्या जागेच्या) जस्ट खाली तिरका घेतला, 5 ना कोरफडीचा गर लावला आणि 5 ना मध, मग काळ्या मातीत खोचल्या. पंधरा दिवसांत छान कोंब आले, मी खूष, पण उपटून बघितलं तर मुळं शून्य! काडीतल्या साठ्यावरच पालवी फुटली होती बहुतेक. नंतर सगळ्या खालून काळ्या पडून सडल्या. आमची कपाशीची काळी माती पाणी धरून ठेवते, चूक तिथेच झाली असं मला वाटतं.

आता परत करतेय. तापीची धुतलेली रेती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं-निम्मं घेतलं तर चालेल का? दालचिनी पावडरने बुरशी थांबते म्हणतात, पण मुळं फुटायला तिचा उपयोग होतो का? आणि मुळं फुटण्यासाठी वाळुंजाच्या कोवळ्या फांद्या भिजवलेलं पाणी कोणी वापरलंय का, ज्याच्या फांद्यांचं पाणी त्यासाठी वापरतात त्या विलोच्या जातीचंच झाड आहे ते, किती तास भिजवायचं?

मुख्य म्हणजे इथे पारा 43 च्या वर आहे, पावसापर्यंत थांबावं तर वाडा राहणार नाही. सावलीत बाटली उपडी झाकून जगतील का? कोणी खान्देशातल्या उन्हात करून बघितलं असेल तर प्लीज सांगा.