मदत हवी आहे: जर्मनीत फ्लू झालाय, हॉस्टेल रिकामं आहे, घरी कसं सांगू?

नमस्कार मंडळी. मी जर्मनीत केमनिट्झला मास्टर्स करते, पहिलंच वर्ष. नाताळच्या सुट्टीत आजारी पडलेय आणि इथे ओळखीचं कुणी नाही. जरा सविस्तर लिहिते.

आधी तब्येत. परवा रात्री थंडी वाजून ताप भरला, 39 च्या वर. माझ्या नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना आता थेट जानेवारीत उघडेल, म्हणून 116117 ला फोन केला. (नव्याने येणाऱ्यांनी हा नंबर लिहून ठेवा. रात्री-सुट्टीला डॉक्टर हवा असेल तर हा, जिवावरचं असेल तर 112.) त्यांनी एका हॉस्पिटलातल्या सुट्टीच्या ओपीडीत जायला सांगितलं. विम्याचं कार्ड दाखवलं, पैसे लागले नाहीत. फ्लू आहे, छाती साफ आहे म्हणाले. पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, झोपा. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही म्हणून दिलं नाही. पॅरासिटामॉल इथे सुपरमार्केटात मिळत नाही, आणि सणाच्या दिवशी औषधाची दुकानं आळीपाळीने उघडी असतात. दार बंदच असतं, बेल वाजवली की छोट्या खिडकीतून औषध देतात, वर अडीच युरो जास्त. तर गोळ्या आहेत माझ्याकडे, उपचाराबद्दल तक्रार नाही.

प्रश्न सोबतीचा आहे. आमचा फ्लॅट चौघींचा, बाकी तिघी आपापल्या गावी गेल्या. दिवसा ठीक असतं. रात्री ताप चढतो, अंग थरथरतं, आणि मला काही झालं तर कुणाला कळणारसुद्धा नाही हे डोक्यातून जात नाही. वरच्या मजल्यावर एक व्हिएतनामी मुलगी राहिलीय, जिन्यात भेटलो तर हसण्यापुरती ओळख. तिला रोज एकदा दार वाजवून जा असं सांगणं बरं दिसेल का? फ्लू तिला लागला तर, म्हणूनही कचरतेय. अशा वेळी तुम्ही काय व्यवस्था केली होती?

दुसरं, घरी सांगणं. आईबाबा कराडला असतात. ऑक्टोबरमध्ये बाबांची अँजिओप्लास्टी झाली. आईचा रोज रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल असतो, इथे तेव्हा दुपारचे चार. काल नेट नीट नाही म्हणून कॅमेरा बंद ठेवला, पण आवाज बसलाय आणि आईला आवाजावरून सगळं कळतं. आमच्याकडे ताप म्हणजे डॉक्टरांनी इंजेक्शन द्यायलाच हवं. इथे नुसत्या गोळ्या दिल्या म्हटलं की तिला वाटणार पोरीकडे कुणी बघतच नाहीये. मग तिची झोप उडणार आणि बाबांपर्यंत जाणार. पण तिच्याशी खोटं बोलायलाही जीव होत नाही, उलट तिच्याशीच बोलावंसं वाटतंय. ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांनी खरंच सांगा, तुम्हाला कळवलेलं आवडेल की बरं झाल्यावर?

खाण्याचं: तांदूळ, मूगडाळ, तूप, लिंबाचं लोणचं आहे. दहा मिनिटं शेगडीपाशी उभी राहिले की गरगरतं. दुकानं आज-उद्या बंद, 27 ला शनिवारी उघडतील, रविवारी परत बंद. जानेवारीतल्या लॅबच्या रिपोर्टचं बघता येईल, डॉक्टरांचं सर्टिफिकेट आहे.

प्रतिसाद १

बाळा, माझा मुलगा कॅनडात असतो म्हणून आईच्या बाजूने लिहिते. आजच सांग. आम्हाला नंतर कळतं तेव्हा आजारापेक्षा लपवल्याचं जास्त लागतं, आणि पुढे प्रत्येक "मी बरी आहे" वर शंका येते. फक्त आधी एखाद्या मावशीला नाहीतर काकूला फोन कर, तिला आईजवळ जाऊन बसायला सांग, मग तू बोल. डॉक्टरांनी तपासलंय, छाती साफ आहे, हे पहिल्या वाक्यात येऊ दे. बाबांना कधी सांगायचं ते आई ठरवेल, तो भार तू घेऊ नकोस. भात-डाळ एकत्र लाव, पाणी जास्त घाल, शेगडीशेजारी खुर्ची घेऊन बस. वर मीठ आणि तूप. जात नसेल तर नुसती पेज पी, पण लघवी कमी होऊ देऊ नकोस.

प्रतिसाद २

त्या मुलीला नक्की सांग. आत यायची गरज नाही, सकाळ-संध्याकाळ दाराबाहेरून हाक मारली तरी पुरे. मी हॉस्पिटलात नर्सिंगचं काम करते, म्हणून एवढं सांगते: धाप लागली, छातीत दुखलं, बोलण्यात गोंधळ झाला किंवा ताप उतरून पुन्हा जोरात चढला, तर वाट बघायची नाही. पॅरासिटामॉल 500 ची असेल तर एका वेळी जास्तीत जास्त दोन, मध्ये सहा तास, आणि सर्दीच्या दुसऱ्या गोळ्यांत तेच औषध नाही ना ते पाहून घे.

मी ड्रेसडेनला असते, ट्रेनने तासाभराचं अंतर. शनिवारी माझी ड्युटी नाही. संत्री, ब्रेड, सूपची पाकिटं आणते, आणखी काय हवं ते कळव. पत्ता इथे लिहू नकोस, मला निरोपात पाठव. आणि आज चारच्या कॉलला कॅमेरा चालू ठेव.