मदत हवी आहे: कुंडीतला मोगरा आणि मिरची मे महिन्यात का जातात?

रत्नागिरी, खाडीकाठचं अंगण. १२ इंची कुंड्या. दोन भाग जांभ्याची लाल माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). आधी जुन्या पानांचे शेंडे आणि कडा करपतात, मग पानगळ. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो. विहिरीचं पाणी एप्रिलपासून मचूळ होतं, ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) २.४ आली. कोकोपीटही न धुता घातलं होतं. म्हणून पहिला संशय मिठावर.

पण मेलेलं रोप उपटलं तर वरची माती कोरडी, तळाची चिकट ओली. मुळं तपकिरी, चिमटीत धरून ओढली की साल सुटून हातात नुसता दोरा राहतो. ही मूळकुजच. तळाची भोकंही चिखलाने बुजलेली.

अडचण अशी: मीठ धुवायला कुंडीच्या दुप्पट गोडं पाणी ओतावं लागेल, आणि कुजलेल्या मुळांना तेवढं पाणी म्हणजे मरणच. मग आधी भोकं मोकळी करून नदीची जाड वाळू मिसळून पुन्हा लावू, की आधी धुऊ? जिवंत उरलेल्या चार मोगऱ्यांसाठी विचारतोय, कृपया लवकर सांगा. एवढ्या मचूळ पाण्यात ट्रायकोडर्मा (मूळकुजीवर वापरतात ती उपयोगी बुरशी) टिकतो का, तेही.