चालू प्रोग्रामला स्वतःचा पाथ (फाइलचा पूर्ण पत्ता) कसा कळेल? (सी, लिनक्स)

काटेवाला:
साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर पावत्या छापणारा छोटा सी प्रोग्राम आहे. काट्याचं पोर्ट, प्रिंटर वगैरे सेटिंगची फाइल त्याच्याच फोल्डरमध्ये असते. फोल्डरमध्ये जाऊन हाताने चालवला की झकास. क्रॉनमधून (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणारी सोय) सुरू केला की फाइल सापडत नाही. गेटसीडब्ल्यूडी (चालू फोल्डर सांगणारं फंक्शन) छापलं तर होम फोल्डर दिसतं. आर्गव्ही[०] (प्रोग्रामला सुरू होताना मिळणारं स्वतःचं नाव) मधून फोल्डर कापून घेऊ का? हंगाम सुरू आहे, बाहेर ट्रॅक्टरांची रांग आहे.

जुनं_खोड:
गेटसीडब्ल्यूडी म्हणजे हाक मारणारा कुठे उभा होता, एवढंच. क्रॉन युजरच्या होममध्ये उभा असतो, सिस्टमडीची (लिनक्सवर सेवा सुरू करणारी यंत्रणा) सर्व्हिस थेट रूटमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या '/' फोल्डरमध्ये.

आर्गव्ही[०] च्या नादी लागू नका. प्रोग्राम सुरू करणारा त्यात वाट्टेल ते भरू शकतो. आणि शेलने (कमांड घेणाऱ्या प्रोग्रामने) पाथ व्हेरिएबलमधून, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीतून, शोधून चालवला तर नुसतं नाव येतं, स्लॅशच नाही. कापणार काय?

'/प्रॉक/सेल्फ/एक्सई' ही चालू प्रोग्रामच्या फाइलकडे नेणारी लिंक खुद्द कर्नल (लिनक्सचा गाभा) देतो. ती रीडलिंकने (लिंक कुठे जाते ते सांगणारं फंक्शन) वाचा. पण सांभाळून: रीडलिंक शेवटी शून्य बाइट टाकत नाही, तो परत आलेल्या लांबीवर तुम्हीच टाकायचा. म्हणून बफरचा (पाथ साठवायच्या जागेचा) आकार एकने कमी सांगा. जागा कमी पडली तर तो एरर न देता पाथ छाटतो, तेही तपासा. मग शेवटच्या स्लॅशपाशी कापा.

खिडकीतला:
विंडोजवर याच कामाला गेटमॉड्यूलफाइलनेमडब्ल्यू हे फंक्शन, पहिल्या जागी नल. २६० अक्षरांचा (पाथची जुनी मर्यादा) बफर पुरेल असं धरू नका.

काटेवाला:
चाललं, दादा! पण प्रोग्राम चालू असताना नवी बायनरी (प्रोग्रामची तयार फाइल) टाकली, तर पाथच्या शेपटीला कंसात 'डिलीटेड' आलं. हे काय नवीन?

जुनं_खोड:
एमव्ही केलं (नवी फाइल हलवून जुनीच्या नावावर आणली) असणार. सीपी केलं (जुनीवरच कॉपी केली) असतं तर 'टेक्स्ट फाइल बिझी' म्हणून तिथेच अडलं असतं. नाव नव्या फाइलला गेलं, चालू प्रोसेसने जुनी धरून ठेवली आहे. तुम्हाला फक्त फोल्डर हवंय, त्यामुळे शेपूट स्लॅशनंतरच्या भागाबरोबर आपोआप गळतं. रीस्टार्टसाठी तोच पाथ एक्झेकला (प्रोग्राम सुरू करणारं फंक्शन) दिलात तर मात्र फसाल. म्हणून पाथ मेनच्या (प्रोग्राम जिथून सुरू होतो ते फंक्शन) पहिल्याच ओळीत वाचून ठेवा.

आणि पावत्यांची नोंद तरी बायनरीशेजारी लिहू नका हो, ती व्हारमध्ये ('/var', बदलत्या माहितीचं फोल्डर) टाका.